खडा मी दिला

"नेको," मोबाईलमधली बाई म्हणाली.

"नेको," आमचे हे म्हणाले.

"नेको," ती परत म्हणाली, आणि मांजराचं चित्र काढलेलं कार्ड गालाशी धरून हसली. हेही हसले. मी डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"भाकरी आणलीय," मी म्हणाले.

"ठेव तिथं."

"तिलाही वाढू का?"

"कोणाला?" त्यांनी मान वर केली.

"त्या नेकोला."

"नेको म्हणजे मांजर गं. तिचं नाव युमी सेन्सेई. सेन्सेई म्हणजे मास्तरीण."

"मग मास्तरीण जेवते का विचारा."

मास्तरीण काही जेवली नाही. पण ह्यांनी जेवतानासुद्धा मोबाईल समोरून हलवला नाही. ठेचा लावलेला घास हातात तसाच आणि तोंडानं इनु, तोरी, साकाना चाललेलं. कुत्रा, पक्षी, मासा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आमच्या. माझ्याशी जेवताना हा माणूस मीठ मागण्यापुरतं बोलायचा. मूलबाळ नव्हतं, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते बोलले नाहीत की घरात कोणीच बोललेलं नसायचं.

अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या आमच्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात. तिथून पुढं बसनं जायचं. फाट्यावर दुकानांची रांग आहे, त्यात आमचं एक, दगडांचं. विहीर खणताना, सुरुंग लावताना एखादा दगड फुटतो आणि त्याच्या पोटात जांभळे, हिरवट, पांढरे स्फटिक निघतात. ते आम्ही विकतो.

फाट्यावर एक रिवाज आहे. पाहुणा गाडीतून उतरला की दुकानदार त्याच्या तळहातावर एक बारका खडा ठेवतो, फुकट, आणि म्हणतो, लेणी बघून या, मग माझ्याकडे चहाला या. ज्याचा खडा पाहुण्याच्या हातात पहिला पडला, त्याचं ते गिऱ्हाईक. मग दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. सख्खे भाऊ शेजारीशेजारी दुकान टाकून बसलेत, पण कोणी कोणाचा खडा मोडत नाही. मोडला तर त्याला फाट्यावर कोणी चहाला विचारत नाही. आणि खडा असतो त्या खेपेपुरता. पाहुणा पुढच्या वर्षी परत आला तर पुन्हा नव्यानं द्यायचा.

नोरिकोच्या हातावर दोन्ही वर्षं खडा ह्यांनीच ठेवला होता.

ती जपानची. हिवाळ्यात यायची, गावात मुक्काम करायची आणि दिवसभर लेण्यात बसून भिंतीवरची चित्रं वहीत उतरवून घ्यायची. संध्याकाळी शेवटच्या बसनं खाली आली की आमच्या दुकानात मांडी घालून बसायची. मी केलेला चहा दोन्ही हातांनी कप धरून प्यायची आणि उठताना मला कमरेत वाकून नमस्कार करायची. माझ्याच वयाची असेल. मानेपर्यंत कापलेले केस, अंगावर ना बांगडी ना टिकली. सुंदर म्हणावी अशी नव्हती. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं ते विचारू नका.

तिचं आणि ह्यांचं तोडक्यामोडक्या इंग्रजीत चालायचं. ती एखादा दगड उचलून उजेडाला धरायची आणि काहीतरी विचारायची. की ह्यांच्या अंगात आलंच. हा कुठल्या खाणीतला, ह्याच्या पोटात पाणी कसं शिरलं, रंग कसा चढला, सगळं हातवारे करकरून सांगायचे. मी चहा गाळत ऐकत बसायची. माझ्या नवऱ्याला एवढं बोलता येतं हे मला तिच्यामुळे कळलं, आणि मला जास्त राग त्याचाच होता.

दुसऱ्या हिवाळ्यात ती परत गेली आणि ह्यांनी मोठा मोबाईल घेतला. नेट तेव्हा नुकतं स्वस्त झालं होतं. त्या मोबाईलमध्ये ही युमी निघाली. रोज नवे शब्द, प्रत्येक शब्दाला एक चित्र, एकेक शब्द तीनतीनदा म्हणून घ्यायची. मला घरात दोन सवती झाल्या, एक मोबाईलमधली आणि एक जपानातली.

शेजारच्या दुकानातले शफीकभाई एकदा म्हणाले, "भाभी, भागवतभाऊ जपानी शिकतोय. चांगलंय. धंदा वाढेल."

"कसला धंदा? आपल्याकडे जपानी पाहुणे येतात किती?"

"एक तर येतेच ना," ते म्हणाले आणि मिशीत हसले.

मस्करीच होती ती. पण मला पचली नाही. दोन दिवस मी शफीकभाईंच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवून गेले.

शब्द पाठ करायला हे कार्डं करायचे, लग्नपत्रिकांची. पत्रिकांना आपल्याकडे काय तोटा. जाड कागद कापायचा, दोन तुकडे छापील बाजू आत घेऊन खळीनं चिकटवायचे, की दोन्ही अंगांनी कोरं कार्ड तयार. एका बाजूला चित्र काढायचं आणि दुसऱ्या बाजूला जपानी शब्द आपल्या अक्षरात लिहायचा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवलेली असायची. येताजाता एक उचलायचं, चित्र बघून पुटपुटायचं, मग उलटून बघायचं. बरोबर आलं की स्वतःशीच मान हलवायचे.

एकदा त्या डब्यात चहा सांडला. मीच सांडला, पण चुकून. कार्डं पुसून उन्हात मांडली तर छत्रीचं चित्र असलेल्या कार्डाची खळ सुटलेली. आत गुलाबी अक्षरं दिसली म्हणून मी दोन तुकडे अलग केले. आत होतं, चि. सौ. कां. जिजा. खाली 'श्री. किसन' आणि माझ्या बापाचं पुढचं नाव कापलेलं.

"अहो, ही आपली पत्रिका आहे."

त्यांनी वाकून बघितलं. "हां. ट्रंकेत उरल्या होत्या."

"आपल्या लग्नाची पत्रिका कापलीत तुम्ही?"

"घरातल्या बाकीच्या संपल्या गं. आणि ह्या आता कोणाला वाटायच्यात? लग्न तर होऊन गेलं."

"माझं नाव कापलंत."

"नाव आतल्या बाजूला आहे. दिसत नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

त्यांना खरंच वाटत होतं की एवढ्यानं माझं समाधान होईल. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ते दोन तुकडे कमरेला खोचले, घरी आले आणि त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. त्यांनी दुपारची उरलेली भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली. चूल का थंड आहे हेही विचारलं नाही. खाताना छत्रीचं नवीन कार्ड करत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानावर पोलीस आला. तो म्हणाला, "भागवत साळवे कोण? पासपोर्टच्या चौकशीला आलोय." ह्यांनी त्याला लगबगीनं खुर्ची दिली, कागद दाखवले, सही केली. तो गेल्यावर मी विचारलं.

"पासपोर्ट कशाला?"

"असू द्यावा जवळ. शफीकभाईंनीही काढलाय."

"शफीकभाई हजला जाणारेत. तुम्ही कुठं जाणार?"

"कुठं नाही. असू द्यावा."

माझ्याकडे न बघता ते दगड पुसायला लागले. पुसलेलेच दगड होते. मग एका दुपारी फोनवर नोरिकोशी बोलताना ऐकलं. बाकी काही कळलं नाही, पण दोन शब्द दोनदोनदा आले. एक कोफू, दुसरा हिकोकी. ते बाहेर गेल्यावर मी डबा उपसला. कोफू कुठंच नव्हतं. हिकोकी सापडलं. मागं विमानाचं चित्र होतं.

आता मला काय कळायचं राहिलं होतं? नवरा जाणार होता. तिच्याकडे जाणार होता, विमानात बसून, आणि मला सांगणारसुद्धा नव्हता. रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, हे जे शिकतात ते मी शिकणार. ती आली की माझ्यासमोर दोघं बोलणार, आणि मी चहा गाळत बसून त्यातला शब्द न् शब्द ऐकणार.

माझ्या भावाचा जुना मोबाईल माझ्याकडे पडून होता, काच तडकलेली. त्यात युमी लावली. पीठ मळताना, भांडी घासताना मोबाईल फळीवर उभा करायचा आणि तिच्यामागून म्हणायचं. दुपारी हे खाणीवर दगड आणायला गेले की डबा उघडायचा आणि कार्डं फिरवायची. ह्यांच्यासारखं रमतगमत नाही हं. एकेक शब्द मी नोरिकोची वेणी ओढावी तसा ओढायची, आणि तिला तर वेणीही नव्हती. ह्यांना आठवडा लागलेले शब्द मला दोन दुपारींत यायला लागले. डब्यातले संपले तेव्हा मी युमीचे पुढचे धडे बघितले.

एक गंमत झाली. ती युमी माझ्याकडे बघूनही तशीच हसायची, कार्ड गालाशी धरून. तिचं हसू काही आमच्या ह्यांच्यासाठी काढलेलं नव्हतं. तिच्यावरचा राग गेला माझा. तो सगळा नोरिकोच्या खात्यावर जमा झाला.

नोरिको आली तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. माझा उपास. ह्यांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला होता, दुकानातल्या आरशात दोनदा भांग पाडला. तिसऱ्यांदा पाडत होते तेव्हा मी टोपलीतून एक जांभळा खडा उचलला आणि खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

तिची गाडी आली. ती उतरली, मला बघून वाकली. मी पुढं झाले, तिचा हात धरला, तळव्यावर खडा ठेवला.

"इशि," मी म्हणाले. दगड. "मुरासाकि." जांभळा. मग दुकानाकडे बोट केलं. "ओचा." चहा.

तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. एवढी खूश झाली की तिचे डोळे दिसेनात. तेवढ्यात मागून हे धावत आले, एका हातात कंगवा तसाच.

"अगं, काय करतेस? सर बाजूला. मी नेतो त्यांना."

"खडा मी दिलाय."

"बरं दिलास. चल आता."

"खडा मी दिलाय. गिऱ्हाईक माझं. तुम्ही बोलायचं नाही."

"जिजे, आपलं दुकान एकच आहे."

"रिवाजात नवरा-बायकोला सूट आहे असं मी तरी ऐकलं नाही. शफीकभाई, आहे का?"

शफीकभाई दुकानाच्या पायरीवर दात कोरत उभे होते. फाट्यावरचे आणखी चारजण जमले. शफीकभाईंनी विचार केल्यासारखं केलं.

"खडा भाभीचा आहे, भाऊ. मी डोळ्यांनी बघितलं. आज तू बोललास, तर उद्या माझा भाऊ माझ्या गिऱ्हाइकाशी बोलेल. मग कसं चालायचं? ये, माझ्याकडे बस."

सगळे हसले. हे कंगवा खिशात घालून शफीकभाईंच्या बाकावर जाऊन बसले. तिथून आमचं दुकान उघडं दिसतं, ऐकूही येतं. माझी तेवढीच इच्छा होती.

चहा झाला. मी डबा घेतला आणि नोरिकोच्या समोर बसले. मला शब्द आले तरी ते नुसते वस्तूंचे. मांजर यायची, कपबशी यायची, ढग यायचे. माझा नवरा का पळवतेस, हे जपानीत कसं म्हणायचं ते युमीनं शिकवलंच नव्हतं. म्हणून मी कार्डं काढली.

"शुजिन," मी म्हणाले आणि मिशीवाल्या माणसाचं चित्र ठेवलं. नवरा. शेजारी विमान. "हिकोकी." मग लाल गोळ्याचा झेंडा. "निहोन." जपान.

नोरिको आनंदानं मान डोलवायला लागली. "हाय, हाय. कोफू!" हाय म्हणजे होय. तिनं आपली चित्रांची वही उघडली आणि भराभर पेन्सिल चालवली. आधी डोंगर. डोंगराखाली एक गाव, कोफू ते हेच, आणि त्यात एक कारखाना. आत दगडाला पॉलिश करायचं चाक, चाकाशी एक बुटका माणूस. "माय ब्रदर," ती म्हणाली. त्याच्या शेजारी तिनं दुसरा माणूस काढला, हातात दगड धरलेला, आणि त्याला मिशी दिली. आमचे हे. हुबेहूब होते, खांदा जरासा खाली टाकून उभे राहतात तसे. मग तिनं बोटं वर केली, तीन, आणि म्हणाली, "थ्री इयर." तीन वर्षं.

मी त्या चित्रात दुसरी बाई शोधत होते. चुलीपाशी, दारात, खिडकीत. बाई नव्हती.

"नोरिको?" मी विचारलं आणि कारखान्याशेजारच्या घरावर बोट ठेवलं. तू इथं?

"इइए," ती हसली. नाही. तिनं वहीचं पान उलटलं, दुसरंच गाव काढलं, उंच इमारती, त्यातल्या एका खिडकीत ती, एक चष्मेवाला माणूस आणि काठी घेतलेली एक म्हातारी. म्हातारीच्या कपाळावर तिनं आठ्या घातल्या आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. सासू कळायला कार्ड लागत नाही. "ओसाका," ती म्हणाली. आणि मधे लांबच लांब आगगाडी काढली.

म्हणजे ती तिथं राहतच नव्हती. तिला तिचा नवरा होता, सासू होती, तिचं तिला पुरेसं होतं.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती बाई असती तर मी तिच्याशी भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, फाटा गोळा केला असता. पण ह्यांचा जीव बाईवर गेलाच नव्हता. तो त्या चाकावर गेला होता, त्या डोंगराखालच्या गावावर, जिथले लोक दगड हातात घेऊन त्याबद्दल विचारतात. गावाची सवत झाली तर बायकोनं कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं?

नोरिको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिची पेन्सिल थांबली.

"भागवत-सान सेड... ओकुसान ओके," ती अडखळत म्हणाली. ओकुसान म्हणजे बायको. ह्यांनी तिला सांगितलं होतं की बायकोची हरकत नाही. "नॉट ओके?"

मी विमानाचं कार्ड पालथं घातलं. तिला समजलं. तिनं वळून बाकाकडे बघितलं, ह्यांनी मान खाली घातली. मग तिनं विमानाचं कार्ड उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवलं, देवापुढं विडा ठेवतात तसं. तू सांग, असं.

तिनं एक शब्द विचारला. "साबिशी?"

हा माझ्याकडे नव्हता. डब्यातही नव्हता, ह्याचं चित्र कुठून काढणार. मी बाकाकडे बघून विचारलं, "अहो, साबिशी म्हणजे काय?"

"मी बोलू का?" त्यांनी शफीकभाईंना विचारलं.

"भाभी विचारतेय. सांग," शफीकभाई म्हणाले. ते आता हसत नव्हते.

"एकटं वाटणं," हे म्हणाले. "मी गेल्यावर तुला एकटं वाटेल का, असं विचारतेय ती."

अकरा वर्षांत हे आमच्यात कोणी कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला परदेशातून बाई यावी लागली. मी ह्यांच्याकडे नीट बघितलं. बाकाच्या अगदी कडेवर सरकून बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि माझ्या तोंडातून काय निघतं ह्याची वाट बघत होते. असे ते माझ्याकडे कधीच बघत नसत. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही असं बघितलं नव्हतं.

मी नाही म्हणाले असते तर हे राहिले असते. माझं ऐकणारे होते. राहिले असते, दगड पुसत बसले असते आणि रोज संध्याकाळी गाड्या गेल्यावर त्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं असतं. मी शेजारी बसून ते बघणं बघितलं असतं, जन्मभर. मला त्यांची दया वगैरे आली नाही. मला ते सहन झालं नसतं, एवढंच.

मी छातीवर हात ठेवला. "साबिशी," मी म्हणाले. "हाय."

नोरिकोनं डोळे खाली केले. मग मी विमानाचं कार्ड तिच्याकडे परत सरकवलं.

"शुजिन," मी म्हणाले. "हिकोकी. हाय."

ते उन्हाळ्यात गेले. तीन वर्षांची पाच झाली, मग परत आले, आणि तोवर दुकान माझं झालं होतं. आता जपानी पाहुणा आला की शफीकभाई मलाच हाक मारतात.

पण त्या दिवशी, मी हाय म्हणाले तेव्हा, हे बाकावरून उठले. रिवाज विसरून सरळ आत आले. शफीकभाईंनी अडवलं नाही. सगळ्या फाट्यादेखत, भर दिवसा, त्यांनी माझा हात हातात घेतला. आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत असं करत नाहीत. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की लोक बघायला लागले. तो आनंद माझ्यासाठी नव्हता, त्या गावासाठी होता, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी हात सोडवून घेतला नाही.